भेडाघाटचा पडदा

तोफगाड्यांच्या कारखान्याचा पहिला भोंगा झाला की कांचघरच्या त्या गल्लीत नाटकातल्यासारखा प्रवेश सुरू व्हायचा. दारादारांतून सायकली बाहेर पडायच्या, हँडलला डबे लटकायचे, कुणी शर्टाची बटणं चालत्या सायकलवरच लावायचा. दुसऱ्या भोंग्याला गल्लीत एक पुरुष उरायचा नाही. मग ओट्यांवर बायका येत, आणि संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत गल्ली त्यांची.

एकाहत्तर सालच्या मार्चात एका सोमवारी दोन्ही भोंगे होऊन गेले, तरी अच्युतराव ढवळे आपल्या घरात पाटावर बसून चहा पीत होते. शेजारणीने खिडकीतून पाहिलं आणि ती लगेच लिंबाचं लोणचं घेऊन आली. तापात तोंडाला चव राहत नाही म्हणून.

अच्युतरावांना ताप नव्हता. त्यांनी वर्षाची बिनपगारी रजा घेतली होती.

यात गंमत अशी, की कारखान्याच्या ऑफिसात ते रजेच्याच टेबलावर कारकून होते. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या रजा त्यांच्या हाताखालून गेल्या. कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाच्या वडलांचं वर्षश्राद्ध, कुणाची बायको बाळंतपणाला निघालेली. माणसं त्यांच्यासमोर यायची ती निघण्याच्या घाईत, आणि अच्युतराव मान वर न करता विचारायचे, "परत कधी?" त्या टेबलावर त्यांच्या वाट्याला आलेला संवाद एवढाच. स्वतः ते मुलीला लग्नानंतर नागपूरला पोचवायला गेले, ते चार दिवस सोडले तर कुठे गेले नाहीत.

खरे जिवंत असत ते गणपतीत. वस्तीतल्या मराठी मंडळाचं नाटक बसायचं, आणि नाटकाचे पडदे अच्युतरावांच्या ताब्यात. पडदे तीन: महाल, रस्ता आणि अरण्य. कुठल्याशा बुडालेल्या नाटक कंपनीकडून मंडळाने फार पूर्वी घेतलेले. नाटक कुठलंही असो, नायिका त्याच रस्त्यावर रडायची आणि नायक त्याच अरण्यात वाट चुकायचा. अच्युतराव दरवर्षी झाडांची उडालेली पानं हिरवी करीत, महालाचे खांब उजळीत. नायक व्हायचा तो शेजारचा शैलेंद्र. कारखान्यात लेथ चालवणारा, खणखणीत आवाजाचा गडी. टाळ्या त्याला. पडद्याला कोणी टाळ्या वाजवत नाही, आणि अच्युतरावांनी तशी आशाही कधी धरली नाही.

त्यांना खुपायचं ते निराळंच. नर्मदा एवढी जवळ, आणि मंडळाच्या रंगमंचावर ती एकदाही आली नव्हती. एक चौथा पडदा हवा होता. चांदण्यातला भेडाघाट, दोन्हीकडे उभे पांढरे कडे आणि मधून अरुंद, गडद पाणी. हा पडदा ते कित्येक वर्षं टेबलाशी बसून मनात रंगवत आले होते. टेबलाशी बसूनच आयुष्य सरलं तर तो मनातच राहणार, हे एक दिवस त्यांना लख्ख दिसलं.

अर्जात कारण लिहावं लागतं. 'पडदा रंगवायचा आहे' असं लिहिलं असतं, तर साहेबांनी आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं. म्हणून जे इतरांना सुचवायचे तेच त्यांनी स्वतः लिहिलं: घरगुती कारण.

तिथे चुकलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी. घरगुती कारण, म्हणजे घरात काहीतरी. गल्ली सुनेत्राबाईंना न्याहाळू लागली. कुणी म्हणालं, बाईंना आतलं दुखणं आहे. कुणी म्हणालं, नागपूरची पोरगी परत येऊन राहिली. एकीने तर नवससुद्धा बोलून टाकला. सुनेत्राबाई दळण घेऊन गेल्या, तर चक्कीवाला म्हणे, "भाभी, आप क्यों आईं?" आणि त्याने पिठाचा डबा घरी पोचता केला. धडधाकट बाई, पण महिन्याभरात स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून पाहायला लागल्या.

त्याहून वाईट दुपार. अच्युतराव दारात खुर्ची टाकून कागदावर कडे काढत बसत. ओट्यांवर बायका येत, त्यांना पाहत, पदर सावरत, आवाज खाली घेत. पापड लाटायला म्हणून जमलेल्या, पापड न लाटताच उठून जात. हळूहळू ढवळ्यांच्या ओट्याकडे कोणी फिरकेना. शेवटी जेवायला वाढताना सुनेत्राबाईंनी विषय काढला.

"अहो, तुम्ही दिवसा घरी नका ना बसत जाऊ."

"मी कुणाला काही बोलतो का?"

"तुम्ही नाही बोलत. पण मग त्याही नाही बोलत. दुपारची घटकाभर आम्ही हसतो, कोणाकोणाच्या नकला करतो. तुमचीसुद्धा करतो. तेवढीच तर असते आम्हाला. आता माझ्याकडे कोणी येऊनच नाही राहिलं."

अच्युतरावांनी पानातला भात कालवायला घेतला. घरातल्या दुपारीतही आपल्यासाठी जागा नाही, हे त्यांना बावीस वर्षांत कळण्याचं कारणच पडलं नव्हतं.

मंडळाचा हॉल चौकापलीकडे. मंडळाचे चिटणीस अण्णा मुळ्ये, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांनी काही न विचारता किल्ली दिली. अच्युतरावांनी कमानिया गेटजवळच्या बाजारातून जाड मांजरपाटाचा तागा आणला, पट्ट्या शिवून घेतल्या, हॉलच्या फरशीवर पसरल्या. सरस उकळला, त्यात सफेदा कालवून अस्तर दिलं. वाळलं, की वर आणखी एक. सरसाचा वास कपड्यांना लागला तो जाईना. मधून मधून बसने भेडाघाटला जात. नाववाले हाक मारत, हे काठावरच बसून राहत. संगमरवर कोरणाऱ्या एकाने विचारलं, "बाबूजी, किसी का इंतज़ार है?" अच्युतराव परतीची बस पाहायला उठले.

रंगवायला सुरुवात झाली तेव्हा बरं वाटलं. मग नुसती शांतता उरली. अनवाणी पायांनी ते आपल्याच नदीवरून चालायचे, गुडघ्यावर बसून कड्यांच्या सावल्या भरायचे, दुपारी विंगेत बसून डबा खायचे. कुणाशी बोलावं? शैलेंद्र सुरुवातीला येऊन डोकावला, म्हणाला, "काका, याच्यापुढे मी उभा राहिलो तर मला कोण पाहील?" पण त्या वर्षी सीमेवरच्या बातम्या बिघडत चालल्या होत्या. कारखान्यात ओव्हरटाइम लागला आणि त्याचं येणं थांबलं. भोंगा झाला की अच्युतरावांचे कान टवकारत. माणसं आत गेली, माणसं बाहेर आली. एकदा त्या रिकाम्या हॉलमध्ये त्यांनी मोठ्याने विचारून पाहिलं, "परत कधी?" आवाज छान घुमला. ऐकायला कोणी नव्हतं.

पावसाळ्यात सरस वाळेना. गणपती आले आणि गेले; शैलेंद्र पुन्हा जुन्याच अरण्यात वाट चुकला. पडदा पुरा झाला तो दिवाळीनंतर. पण जमिनीवरचा पडदा म्हणजे पडदा नव्हे. तो उभा टांगल्याशिवाय दिसत नाही, आणि एवढा पडदा टांगायला चार माणसं लागतात. गल्लीत चार माणसं मोकळी नव्हती. अण्णा म्हणाले, डिसेंबरात मंडळाच्या वर्धापनदिनी टांगू, सगळ्यांसमोर. अच्युतरावांनी पडदा बांबूवर गुंडाळला आणि दिवस मोजू लागले. त्यांना तो एकदाच उभा पाहायचा होता. आणि खरं सांगायचं तर, दुसऱ्या कुणीतरी तो पाहताना पाहायचं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला युद्ध पेटलं. गावात ब्लॅकआउट, वर्धापनदिन रद्द, आणि कारखान्यात सगळ्यांच्या रजा रद्द. अच्युतरावांच्या दारात शिपाई आला. ते पुढच्याच भोंग्याला सायकलवर होते. त्या दिवसांत मागेपुढे पाहणाऱ्यांतले ते नव्हते.

कारखाना दिवसरात्र धडधडत होता, आणि त्यात एक टेबल होतं जिथे काहीच काम नव्हतं. रजाच बंद, तर रजेच्या कारकुनाने करायचं काय? पहिल्या पाळीचे बारा तास अच्युतराव टाकावर टाक ठेवून बसले. निदान हॉलमध्ये नदी तरी होती.

दुसऱ्याच दिवशी पहाटे अण्णा घरी आले. हॉलमध्ये बायका संध्याकाळी जवानांसाठी स्वेटर विणायला, पट्ट्या गुंडाळायला जमत होत्या, सुनेत्राबाईही त्यांत. हॉलच्या दर्शनी व्हरांड्याच्या कमानींना दारं नाहीत. महाल, रस्ता, अरण्य तिन्ही लावून पाहिले, पण जुनं कापड विरलेलं. बाहेरून उजेड तपासत फिरणारा वॉर्डन ओरडला, "रोशनी आ रही है, मास्टरजी!" एवढं अण्णांनी सांगितलं. पुढचं, चौथा पडदा, त्यांना मागवेना.

अच्युतरावांना ठाऊक होतं, सरसाच्या रंगाला दव सोसत नाही. डिसेंबरच्या गारठ्यात उघड्यावर आठ दिवस टिकणार नाही.

"माझा लावा," अच्युतराव म्हणाले. "दुहेरी अस्तर आहे. काडीचा उजेड जायचा नाही." आणि भोंगा झाला म्हणून निघाले.

त्या दिवशी रिकामं टेबल त्यांना जड गेलं नाही. रंगवलेली बाजू आत, दिव्याच्या उजेडात. टाके मोजता मोजता एखादी बाई मान वर करणार, शेजारणीला ढोसणार. दोघी पाहणार. सुनेत्रा पाहणार. दिवसभर ते हाच प्रवेश मनात लावत होते.

पाळी सुटल्यावर ते थेट हॉलकडे आले. सायकलच्या दिव्याची अर्धी काच काळी. आत शिरले तर बायका खाली माना घालून कामात, आणि समोर नुसतं पांढुरकं, डागाळलेलं कापड. पडद्याची पाठ.

अण्णा लगबगीने आले. मंडळाच्या पोरांनी लावला होता. पडद्याचं तोंड नेहमी प्रेक्षकांकडे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. प्रेक्षक कुठे? रस्त्याकडे. म्हणून नदी रस्त्याकडे, जिथे दिवे नाहीत आणि माणूसही नाही. अण्णा ओशाळून म्हणाले, थोडा वेळ दिवे घालवू, उलटवून घेऊ.

अच्युतराव बाहेर आले. रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. अंधारात आधी काहीच नव्हतं. पौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झाले होते, चंद्र उशिरा उगवायचा. घरांच्या वर तो आला, आणि कमानींच्या जागी कडे उभे राहिले. आधी डावीकडचा, मग उजवीकडचा. मग मधलं पाणी. पूर्ण काळोखात बुडालेल्या गावात तेवढीच एक गोष्ट दिसत होती, आणि ती पाहायला ते एकटे होते.

बऱ्याच वेळाने शेजारी पावलं वाजली. सुनेत्राबाई होत्या. इतक्या महिन्यांत त्यांनी पडदा पाहिला नव्हता. त्या पाहत राहिल्या.

"इथं एकटेच बसत होते का हो तुम्ही? काठावर?"

"हो."

"एवढं पाणी, आणि एक होडी नाही काढली?"

"सुचलीच नाही," ते म्हणाले.

अण्णांनी दारातून हळूच विचारलं, उलटवू का. अच्युतराव म्हणाले, राहू द्या.

युद्ध संपलं तेव्हा कडे ओघळून पाण्यात उतरले होते. अच्युतरावांनी उरलेली रजा पुन्हा मागितली. कामाचा ढीग साचलेला, साहेबांनी नाही म्हटलं. मग त्यांनी राजीनामा दिला. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने सवयीने विचारलं, "परत कधी?" अच्युतराव पहिल्यांदाच त्या टेबलाशी मोकळं हसले. "परत नाही," ते म्हणाले.

गल्लीने काय ठरवायचं ते ठरवलं. ओटा त्यांनी बायकांना सोडला. एका रविवारी नवराबायको पडदा घेऊन ग्वारीघाटला गेले, दोन टोकांनी धरून तो नर्मदेत खळबळला. रंग निघून गेला, कापड जवळजवळ कोरं झालं.

हॉलमध्ये पुन्हा सरस उकळू लागला. भोंगे होत राहिले. या खेपेला अच्युतरावांनी पाणी रंगवताना मध्यावर होडीएवढी जागा कोरी सोडली. तीत कोण बसणार, ते मात्र अजून ठरत नव्हतं.