बिनमाणसाच्या विमानाची छत्री

लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती आणि चाकूरच्या लोकांना सरकारी जीपगाड्यांची सवय पडली होती. त्यामुळं १९८६ च्या उन्हाळ्यात एक जीप शांतम्मा कलशेट्टीच्या दारात थांबली, तेव्हा तिला वाटलं, टँकरचीच चौकशी असणार. तिचा नवरा मल्लिकार्जुन दुष्काळातल्या पाण्याचा टँकर चालवायचा. शांतम्मा घरच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायची.

जीपमधून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उतरले. काखेत नारिंगी कापडाचं भलंमोठं गाठोडं.

"बाई, तुमची मशीन जाड शिवण घेती का?"

"गोधड्या शिवल्यात की. हे काय हाय?"

"पॅराशूट. विमानाची छत्री."

ते ग्यानोबा. देगलूरचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी पॅराशूटच्या घड्या घातल्या होत्या. आता बंगळूरच्या विमान कारखान्यातून आलेल्या एका तुकडीबरोबर ते गावाबाहेरच्या कोरड्या तलावात मुक्कामाला होते. तलावाच्या तळावर रूळ फिरवून धावपट्टी केली होती. लष्करासाठी एक नवीन विमान तिथं उडवून बघायचं होतं. आदल्या दिवशी पॅराशूट वाळत घालताना वाऱ्यानं ओढत नेलं आणि ते बाभळीत अडकून टराटरा फाटलं.

"दुसरी छत्री यायला आठवडा लागंल," ग्यानोबा म्हणाले. "तवर पुढचं काम अडून राहिलंय."

"छत्री घेऊन माणूस उडी मारत असंल न्हवं?"

"त्याची वेगळी. ही सबंध विमानाला झेलती. आत माणूस नसंल तवा."

शांतम्मानं हातातली कात्री खाली ठेवली. "माणूस नसंल? मंग इमान चालवतंय कोण?"

"चला, दाखवतो."

लग्नसराईचे ब्लाउज कापून पडले होते. तरी ती पदर खोचून जीपमध्ये बसली.

तलावात पोहोचली तेव्हा ते विमान धावपट्टीच्या टोकाला उभं होतं. लांबलचक पंख, मागच्या बाजूला पंखा आणि पुढं एका माणसापुरती जागा. त्यात माणूस बसून उडवू शकत होता, नाहीतर जागा रिकामी ठेवून खाली तंबूतून रेडिओनं चालवता येत होतं. सीमेवर नजर ठेवायला असं विमान लष्कराला हवं होतं. पण त्यात माणूस ठेवायचा की काढायचा, यावरून तंबूत रोज भांडण होतं.

एका बाजूला होती पंचशीला वाघमारे. नांदेडच्या रेल्वे गँगमनची मुलगी, इंजिनिअर झालेली आणि या चाचण्यांची प्रमुख. दुसऱ्या बाजूला वैमानिक सावर्डेकर, हवाई दलातून बाहेर पडलेले, उंचेपुरे.

त्या दिवशी सावर्डेकर आत बसले, पण हात मांडीवर ठेवून. विमान रेडिओवरच चालणार होतं. इंजिन गरजलं, धुळीचा लोट उठला आणि विमान वर गेलं. शांतम्मा तोंडावर हात ठेवून बघत राहिली. तंबूत एक पोरगा बोटभर दांडा डावीकडं करी आणि आभाळात विमान डावीकडं वळे.

उतरताना मात्र घात होऊ घातला. धावपट्टीवर अचानक वावटळ उभी राहिली. विमान कलंडलं, एक पंख जमिनीकडं गेला. तंबूतला पोरगा गांगरला. तेवढ्यात विमान सरळ झालं, वावटळीच्या बाजूनं निघालं आणि दोन उड्या मारत खाली टेकलं. सावर्डेकरांनी स्वतः हातात घेतलं होतं.

ते उतरले ते बोलतच. "बघितलंत? यंत्राला वावटळ कळते का? मला ती बुडाखाली कळली!"

"कळली," पंचशीला म्हणाली. "आणि कळली नसती तर तुमच्या घरी मी काय सांगणार होते? विमान दुसरं बनवता येतं, सर."

"मग युद्ध काय खेळण्यांनी करणार?"

"परवा रिकामं उडवायचं आहे. छत्री तयार झाली तर."

सगळ्यांनी शांतम्माकडं बघितलं.

कापड तिच्या खोलीत मावेना. सुट्टी लागलेल्या शाळेच्या व्हरांड्यात मशीन नेली. शेजारच्या चार बाया कापड धरून उभ्या राहिल्या. नायलॉन सुईखालून माशासारखं निसटायचं. पहिली शिवण झाल्यावर ग्यानोबांनी कापड दोन्ही बाजूंनी धरलं आणि जोर लावून ओढलं. शिवण उसवली.

"पुन्हा," ते म्हणाले.

त्यांनी तिला दुहेरी दुमड घालायला शिकवली, टाका किती लांब ठेवायचा ते दाखवलं, धागा बदलून दिला. दुसरीही शिवण त्यांनी उसवली. तिसरी उसवेना, तेव्हा त्यांनी मल्लिकार्जुनला बोलावलं. टँकरचं स्टिअरिंग फिरवून त्याचे दंड दगडासारखे झाले होते. त्यानं ओढून बघितलं, पाय लावून ओढलं, घामाघूम झाला.

"न्हाई तुटत," तो म्हणाला. शांतम्माला एवढा आनंद झाला की ती तिथंच मोठ्यानं हसली.

जेवताना मात्र मल्लिकार्जुनानं सावर्डेकरांची बाजू घेतली. "डायवरबिगर गाडी असती का कुठं? टँकर सोडून देतो उद्या, जातोय का बघ गावाला."

"टँकर कलंडला तर तुमी त्याखाली येऊ नये म्हनून कुनी यंतर काढलं तर नगं म्हनताल?"

"मंग मी काय करू, घरी बसू?"

तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

उड्डाणाच्या सकाळी निम्मं चाकूर तलावाच्या काठावर जमलं. तलावाच्या दुसऱ्या टोकाला रोजगार हमीवर गाळ काढणाऱ्या बायकांची रांग होती. त्यांच्या मुकादमीण चांगुणाबाईंना दूर थांबायला सांगितलं होतं, तरी बायका बघायला पुढं पुढं सरकत होत्या. धावपट्टीवर पाणी मारावं असं तुकडीतल्या कुणीतरी सुचवलं होतं. गाव घशाला थेंब मोजत असताना धुळीवर पाणी ओतायला पंचशीलानं साफ नकार दिला होता.

आणि ऐन वेळी सावर्डेकर हेल्मेट घालून आले.

"मी बसतो. कशाला हात लावणार नाही. पण आत असेन."

"नाही सर."

"छत्री आहे ना? का तिच्यावर भरवसा नाही?" ते शांतम्माकडं वळले. "काय बाई, झेलेल का मला तुमची शिवण?"

शांतम्मानं मान हलवली. "साहेब, इमानाला झेलंल म्हनून मी शिवली. आत माणूस बसला तर झेलंल, असं मी न्हाई म्हननार. माझ्या तोंडातून न्हाई यायचं ते."

पंचशीला हळूच म्हणाली, "सर, रेडिओचा दांडा तुम्ही धरा. तुमच्याइतकं हे विमान इथं कुणालाच माहीत नाही."

त्यांनी हेल्मेट काढून टेबलावर आपटलं. पण खुर्ची ओढून ते दांड्यासमोर बसले.

रिकाम्या जागेचं विमान सुटलं. काठावरून एकच आरोळी उठली. विमान वर गेलं, गिरकी घेऊन आलं, पुन्हा गेलं. सावर्डेकरांचा चेहरा उजळला. "अरे, ऐकतंय की पठ्ठं!"

तिसऱ्या फेरीला इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. धूळ आत गेली होती.

विमान गाळ काढणाऱ्या बायकांच्या दिशेनं खाली येऊ लागलं.

"छत्री सोडा!" कुणीतरी ओरडलं.

"थांबा!" सावर्डेकर गरजले. "वारा तिकडंच नेईल."

त्यांनी दांडा पार उजवीकडं दाबला. विमान संथपणे वळलं, उंची हरवत, बायकांच्या डोक्यावरून सरकून मोकळ्या तळावर आलं. चांगुणाबाई बायकांना हाकलत पळत होत्या.

"आता!"

पंचशीलानं बटण दाबलं. विमानाच्या पाठीतून नारिंगी पट्टी निघाली, लांब झाली आणि फाडकन उघडली. शांतम्माला आपण शिवलेली ओळ उन्हात स्पष्ट दिसली. ती ताणली गेली, थरथरली, धरून राहिली. विमान झोका घेत खाली आलं आणि नाकावर आपटलं.

सगळे धावले. शांतम्मा चप्पल टाकून सगळ्यांच्या पुढं. पंख धड होते, शेपूट धड होतं. पुढचा भाग मात्र चेपला होता आणि वैमानिकाची खुर्ची मधोमध दुमडली होती.

सावर्डेकरांनी जोर लावून खुर्ची सरळ होते का बघितलं. मग म्हणाले, "आत असतो तर इंजिनाची थरथर आधीच कळली असती. वेळेत उतरवलं असतं."

"असेल," पंचशीला म्हणाली. "पण बाहेर होता म्हणून आज जेवायला आहात. आणि दांडा तुमच्या हातात होता म्हणून त्या बायका आहेत."

"म्हणजे माणूस लागतोच."

"लागतो. कुठं बसायचं, एवढंच भांडण आहे."

ते दोघं पुन्हा भांडायला लागले, पण आता हसत. इकडं गाळातल्या बायका येऊन छत्रीला हात लावून बघत होत्या. "हे आपल्या शांतम्मानं शिवलं," चांगुणाबाई ज्याला त्याला सांगत होत्या, जणू त्यांनीच सुई ओवली होती.

त्या उन्हाळ्यात चाकूरमध्ये दोन पक्ष पडले. न्हाव्याच्या दुकानात, एसटीच्या थांब्यावर, टँकरच्या रांगेत एकच वाद: माणूस पाहिजे की नको. मल्लिकार्जुन पाहिजेवाल्यांचा पुढारी होता.

तुकडी परत गेली आणि पावसाळ्याच्या तोंडावर ग्यानोबा पुन्हा आले. बंगळूरच्या कारखान्यात पॅराशूट शिवायला माणसं हवी होती. घरी कानडी बोलणाऱ्या शांतम्माला तिथं भाषेची अडचण नव्हती. अडचण मल्लिकार्जुनाची होती. दोन दिवस तो टँकरच्या खेपाच मारत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "टँकर तिकडं बी असत्यालच की."

ती तिथं बारा वर्षं राहिली. पुढचं विमान आलं ते बिनखुर्चीचंच. पहिल्यांदा ते बघायला सावर्डेकर आले, चहूबाजूंनी फिरले, आणि जमिनीवरून विमान चालवणाऱ्या नव्या पोरांना शिकवायची नोकरी त्यांनी त्याच दिवशी मान्य केली. जाताना शिवणखात्यात डोकावून शांतम्माला म्हणाले, "बाई, ह्या पोरांना आधी दोन वर्षं खऱ्या विमानात बसवणार आहे मी. पंचशीलाबाईंना सांगू नका."

"तुमी ह्येच करनार, असं त्यांनीच सांगितलंय मला," शांतम्मा म्हणाली आणि पुढचं कापड मशीनखाली सरकवलं.