बैठकीत ठरलेलं कर्ज आणि माझा विमा

फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला असताना माझं लग्न झालं. शिक्षणाचं कर्ज त्याआधीचं, दौंडच्या बँकेतलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले. सहकर्जदार म्हणून सही त्यांची. लग्नाच्या बैठकीत त्यांनी हे लपवलं नाही. मुलीच्या नावावर कर्ज आहे, असं सरळ सांगून टाकलं. त्यावर माझे होणारे सासरे मांडी बदलून म्हणाले, "पोरगी आमची, म्हंजी कर्जबी आमचं." मंडळींनी माना हलवल्या, सुपारी फुटली, पोहे आले. त्या दिवसापासून दोन्ही घरं असं धरून चालली की कर्ज दौंडहून शिरूर तालुक्यात, माझ्या सासरी आलं. मीही तसंच धरून चालले. बँकेला हे कुणी कळवलंय का, हा प्रश्न एवढ्या शिकलेल्या मला पडला नाही.

सासरे शब्दाचे पक्के. त्यांना मी मामा म्हणते. लग्नाला महिना होतो न होतो तोच त्यांनी गुरुजींना बोलावलं. गुरुजी शाळेतून निवृत्त होऊन विम्याची कामं करतात. निम्म्या गावाचे विमे त्यांच्या एका पिशवीत असतात. ओसरीवर चहा झाला, सह्या झाल्या आणि मामांनी मला आत येऊन सांगितलं की कर्जाचा विमा काढला, आता घोर नको. मी पाया पडले. कागद कुणाच्या नावाचा आहे ते मी पाहिलं नाही. नव्या सुनेनं असं काही उलटून पाहायचं नसतं, निदान मला तसं वाटायचं.

पुढच्या वर्षी वॉर्डात ड्युट्या लागल्या. एक बाई होती, माझ्याच वयाची, मोटरसायकलवरून पडून कमरेखाली लुळी झालेली. मी रोज तिचे पाय हलवून घ्यायचे. तिच्याजवळ बसायची तिची आई. सासरचं माणूस मी एकदाही पाहिलं नाही. डिस्चार्ज झाला तेव्हा ती माहेरी गेली. ते पाहिल्यापासून माझं डोकं नको तिकडे चालायला लागलं. मला असं काही झालं तर कर्ज कोण फेडणार? विमा आहे, असं मी स्वतःला सांगायचे. पण विम्यात नेमकं काय आहे?

कपाटातून कागद काढला. विमा नवऱ्याचा निघाला. तो कारखान्यात शिफ्टला जातो, घरात बांधलेला पगार त्याचाच. विमा त्याचाच काढायचा, यात मामांना विचार करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

कागद घेऊन दौंडच्या बँकेत गेले. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, कर्ज तुमचं, सहकर्जदार वडील, विमा मिस्टरांचा. पण मिस्टर आमच्या कागदात कुठंच नाहीत. तुमचं काही बरंवाईट झालं तर आम्ही वडिलांकडेच जाणार. मी विचारलं, बैठकीत ठरलंय त्याचं काय? विचारताक्षणी मला माझीच लाज वाटली. साहेब हसले नाहीत, एवढं बरं.

तिथून आप्पांकडे गेले. ते म्हणाले, राहू दे, उगाच तिकडं काही बोलू नकोस. मग मी रागावले. कुणावर, ते मला आजही सांगता येणार नाही. आप्पांवर, कागदावर, की आपण लग्न झाल्यावर नेमक्या कुणाच्या असतो हे न कळल्याबद्दल स्वतःवर.

शेवटी एका रविवारी घरात बोलले, की विमा माझ्या नावाचा हवा. मामांचा चेहरा पडला. "म्हंजी माझ्या शब्दावर भरवसा न्हाई व्हय?" भरवसा होता. भरवसा असून कागद कशाला हवा, आणि कागद मागितला तर भरवसा उरतो का, हे मला तेव्हा सांगता आलं नाही. नवऱ्यानं मात्र गुरुजींना फोन लावला.

गुरुजी आले. म्हणाले, सूनबाईंची कमाई नाही, पण मिस्टरांचा विमा असल्यामुळं त्यांचाही निघेल. मी हरखले. मग त्यांनी वारसाच्या रकान्यावर पेन टेकवून विचारलं, इथं कुणाचं नाव? मामा म्हणाले, नवऱ्याचं, दुसरं कुणाचं? मी म्हणाले, आप्पांचं. नवरा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतलाय. मला तसं म्हणायचं नव्हतं.

सासूबाई दारात लसूण सोलत होत्या. मरणाच्या गोष्टी घरात बोलू नयेत म्हणून आठवडाभर त्या माझ्याशी धड बोललेल्या नव्हत्या.

"नाव तिच्या बापाचंच टाका," त्या गुरुजींना म्हणाल्या. "ही मेली तर त्या माणसाच्या डोक्यावर कर्ज कशाला? पर ही जगली आन् अंथरुणाला खिळली, तर मला बघावी लागंल. त्याचं काय लिवलंय यात?"

गुरुजींनी पान उलटलं. अपघातानं कायमचं अपंगत्व आलं तर वेगळं कलम जोडता येतं, हप्ता थोडा वाढतो. आजारानं आलं तर मात्र नाही, असं काहीबाही ते सांगत होते. मी अजून 'मला बघावी लागंल' याच शब्दांपाशी अडकले होते.

"जोडा मग," सासूबाई म्हणाल्या. "माझं गुडघे आत्ताच उठू देईनात. मी एकटी हिला कुठवर उचलणार?"

मी सही केली. ती बँकेतल्या सहीसारखी आली नाही आणि गुरुजींनी दुसरा फॉर्म काढला. आप्पांच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली, माझी खाट कशी बसेल हे मी वॉर्डातली ती बाई माहेरी गेली त्याच दिवशी मनात मोजून ठेवलं होतं. ते मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.