काळी चारच्या जरा खाली

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसतो. पिंपळ, पांढरी साडी, मागून आलेली हाक... आमच्या घरात असलं काही निघालं की वडील ताटावरून उठून जायचे. मीही त्यांच्याच वळणाचा. बावीस वर्षं वसमतला गाण्याचे क्लास घेतो आणि माझा विश्वास एकाच गोष्टीवर — कानावर. सूर लागला तर लागला, नाही तर नाही. त्यात माझं-तुझं नसतं. म्हणूनच हे लिहायला मला तीन वर्षं लागली. कारण जे झालं ते माझ्या कानालाच झालं.

आधी पट्टीबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाणारा माणूस आपला 'सा' जिथे धरतो ती त्याची पट्टी. पेटीवर बोट ठेवून दाखवता येते. बाप्यांची बहुधा काळी एक, बायकांची काळी चार, काळी पाच. लोकांना वाटतं पट्टी म्हणजे उंच की खाली, एवढंच. तसं नसतं हो. एकच यमन काळी एकला भारदस्त बसतो आणि पांढरी चारला तोच यमन उतावळा वाटायला लागतो. आणि प्रत्येक गळा एकाच पट्टीत निवांत असतो. दुसऱ्याच्या पट्टीत गाणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून चालणं. चालता येतं, पण सगळं लक्ष पायाकडे.

माझी आई औंढ्याची. माहेरी नागनाथाच्या देवळाची सेवा होती, तिथंच पदं म्हणत मोठी झाली. तिची पट्टी पेटीवर नव्हतीच. पांढरी पाचच्या वर आणि काळी चारच्या जरा खाली — दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत. पेटीवाले वैतागायचे. "बाई, एक तर वर या न्हाईतर खाली जा." आई म्हणायची, "मी काहून जाऊ? पेटी सरकवा तुमची." म्हणून ती नुसत्या तानपुऱ्यावर गायची, आणि मागं बसून तानपुरा छेडायचो मी. सातव्या वर्षापासून. मला डुलकी लागायची, हात थांबायचा. आई गाता गाता मागं न बघता माझ्या गुडघ्यावर चापट मारायची. "हात थांबवू नको. सा गेला की मी पडते."

सत्तरीनंतर ती विसरायला लागली. माझ्या बायकोला, सुनीताला, ती आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. मला एकदा विचारलं, "तुमी कोनाचे?" डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढतच जाणार. पण सा मात्र जाग्यावर होता. मी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. पावाच्या लादीएवढा बॉक्स, सूर कमी-जास्त करायला गोल बटण. बटण फिरवत फिरवत त्या फटीत आलो तशी ती म्हणाली, "हं. हा माझा." त्या दिवसापासून तो बॉक्स तिच्या खाटेवर दिवसभर चालू. चालू असला की ती शांत. जेवायची, झोपायची, इन्शुलिन टोचून घ्यायची, कुठं जायची नाही.

आता माझा गुन्हा सांगतो.

मार्चमध्ये क्लासच्या मुलांची परीक्षा होती. पुढच्या खोलीत त्यांचा तानपुरा काळी चारला, आतल्या खोलीत आईचा जरा खाली. दोन सा, इतके जवळ की एकमेकांना घासायचे. मुलांचे कान नासायला लागले. एक मुलगी सारखी सुरातून खाली उतरायला लागली आणि मी चिडलो. आधी आईचा बॉक्स गुपचूप काळी चारला लावला. एक मिनिट गेलं नसेल. "काहून बदलला? हा माझा न्हाई." मग मी तो बंदच केला आणि कपाटावर टाकला. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हटलं.

सुनीता म्हणाली, "नका करू तसं. तेवढाच आधार हाये त्यांना."

"आणि माझ्या क्लासचं काय?" मी म्हणालो. अजून ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली, फ्रिजला कान लावून. गुणगुणत होती. मी जवळ गेलो आणि चाटच पडलो — फ्रिजची घरघर आणि तिचा सा, बराबर एक. शेजारचे देशमुख सर शाळेत विज्ञान शिकवतात. ते म्हणाले, यात नवल काय, आपली वीज पन्नास सायकलची. त्यामुळं फ्रिज असो, मोटार असो की कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांची गुणगुण एकाच जागी असते. "तुमच्या मातोश्रींनी लाईटवाल्यांची पट्टी धरली सर." आम्ही हसलो. मी तर व्हिडिओ काढला. फ्रिज मधेच बंद पडायचा, तेव्हा आई त्याच्या दारावर चापट मारायची आणि म्हणायची, "हात थांबवू नको."

मी त्याच्यावरही हसलो.

शनिवारची गोष्ट. सकाळी साडेआठला मी तिला इन्शुलिन टोचलं, पोह्यांची ताटली समोर ठेवली आणि पुढं क्लासला गेलो. नऊला गावातली लाईट गेली. दुरुस्तीसाठी दिवसभर बंद राहणार असा मेसेज आदल्या दिवशीच होता. सुनीता गच्चीवर कुरडया घालत होती. आतून आईचा आवाज आला, "सा दे रे." मी ऐकलं. पुन्हा आला, "सा दे की रे." मी उठून मधलं दार लावून घेतलं.

पावणेदहाला आत गेलो तर स्टूल रिकामं. मागचं दार उघडं. पोहे तसेच, घाससुद्धा मोडलेला नाही.

इन्शुलिन पोटात... म्हणजे अंगात, आणि वर अन्नाचा कण नाही. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "शुगर खाली येत जाईल. घाम, थरथर, मग गुंगी. वेळ घालवू नका. सापडल्या की आधी गोड द्या." किती वेळ आहे, विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही शोधा."

सुनीता गल्लीत घरोघर फिरली. देशमुख सर बस स्टँडवर गेले. मी रफिकची रिक्षा घेतली. त्याची मुलगी माझ्या क्लासला आहे, म्हणून तो धंदा सोडून आला. देऊळ झालं, दवाखाना झाला, बाजाराची गल्ली झाली, कारखान्याच्या रस्त्याला दोनदा जाऊन आलो. प्रत्येकाला विचारत होतो, निळं लुगडं, अनवाणी, बारीक अंगाची. कोणी म्हणालं पाहिली, कोणी म्हणालं न्हाई. साडेअकरा वाजले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी रिक्षात बसून मोठमोठ्यानं रडत होतो, लोक बघत होते, मला कशाचंही काही वाटत नव्हतं. देवाला मानत नाही म्हणणारा मी नागनाथाला म्हणत होतो, माझा गळा घे, पुन्हा सूर नको लागू देऊस मला, पण ती दे.

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, चौकात रफिकनं रिक्षा बंद केली, कुठं वळायचं ते विचारायला. इंजिन थांबलं आणि गाव किती मुकं झालंय ते कळलं. पंखे बंद, गिरण्या बंद, दुकानांतले फ्रिज बंद. त्या शांततेत मला सा ऐकू आला.

काळी चारच्या जरा खाली. एकसंध, मधे श्वास नाही.

मला वाटलं डोकं फिरलं. पोटात सकाळपासून काही नाही, कानात गुणगुणत असेल. मी कान दाबून पाहिले, बंद झाला. हात काढले, पुन्हा आला. मी रफिककडे पाहिलं. तो मान वाकडी करून ऐकत होता.

"सर, मशीन चालू हाये कुठं तरी."

"लाईट नाही रफिक."

"व्हय ना," तो म्हणाला. "मग कशी काय चालून राहिली?"

पुढची पंधरा-वीस मिनिटं आम्ही त्या आवाजाच्या मागं लागलो. रिक्षा चालू केली की आवाज बुडायचा. म्हणून दोनशे पावलं जायचं, इंजिन बंद करायचं, ऐकायचं. डावीकडे बारीक झाला, मागं फिरा. उजवीकडे भरला, चला. एकदा तो पार गेला. मी रस्त्यात मधोमध उभा राहून स्वतः सा लावला, तिच्या पट्टीत, बाप्याच्या गळ्याला झेपत नाही तिथं, चिरक्या आवाजात. रफिकनं एका ट्रकवाल्याला हात दाखवून थांबवलं. "बंद कर भाऊ गाडी, दोन मिनिट." त्यानं केली. आणि सा परत आला, मोंढ्याच्या मागच्या बाजूनं.

तिथं हळदीची शेडं आहेत. शेवटच्या शेडाचं शटर गुडघ्याएवढं वर होतं. आवाज आतून येत होता. आता बारीक नव्हता, पत्रा थरथरेल इतका भरलेला. मी शटरला हात घातला आणि वर ओढलं, त्याच क्षणी तो थांबला. विझत विझत नाही. कोणी तारेवर हात ठेवावा तसा.

आत हळद पॉलिश करायचा ढोल होता, लोखंडी, माणसापेक्षा उंच. आई त्याच्या पायथ्याशी पोत्यांवर बसलेली, ढोलाला कान लावून. अंग घामानं चिंब आणि गार. डोळे अर्धे उघडे. मी हाक मारली, तिला कळली नाही. शेजारच्या शेडातून तिथं काम करणारी गंगाबाई धावत आली. तिच्या भाकरीच्या फडक्यात गूळ होता. तो पाण्यात चोळून आम्ही आईच्या हिरड्यांना बोटानं लावत राहिलो. मी सारखं म्हणत होतो, आई, पडू नको, आई, पडू नको. रफिकनं तिला उचललं आणि रिक्षात घातलं. दवाखान्यात ग्लुकोज लावलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर मला काही सांगता आलं नसतं.

ती वाचली. पण त्या संध्याकाळी मी पुन्हा शेडावर गेलो, गुळाबद्दल गंगाबाईच्या पाया पडायला. जाता जाता विचारलं, ढोल सकाळी कशावर चालवला होता, जनरेटरवर?

ती म्हणाली, "ढोल? त्याची मोटार जळून आठ रोज झाले. नांदेडला नेलीय. बघा की."

मी पाहिलं. मोटारीच्या जागी चार बोल्ट आणि तोंडाला चिंधी बांधलेली वायर. जनरेटर त्या ओळीत कोणाकडेच नव्हता. ती दिवसभर शेजारीच हळद निवडत बसली होती. तिनं काहीच ऐकलं नव्हतं.

देशमुख सरांनी आपल्या परीनं प्रयत्न केला. लांबचा एखादा पंप, पत्र्यात घुमणारा वारा, माझ्या मनाची अवस्था. पंप विजेशिवाय चालत नाही. वारा त्या दिवशी नव्हता. मनाची अवस्था माझी होती हे कबूल, पण रफिकची? तो गाणं शिकलेला नाही, पट्टी म्हणजे काय त्याला ठाऊक नाही. आजही भेटला की म्हणतो, "सर, ते काय होतं?" मी म्हणतो, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा, पण कृपा करून भूत म्हणू नका.

आई त्यानंतर दीड वर्ष होती. बॉक्स तिच्या उशाशी, शेवटच्या दिवसापर्यंत चालू. काळी चारच्या मुलांना मी शेजारच्या गल्लीत खोली भाड्यानं घेऊन शिकवलं.

एक गोष्ट मात्र देशमुख सरांना सांगितली नाही, सुनीतालाही नाही. त्या दुपारी दवाखान्यात तिला शुद्ध आली. तिनं मला ओळखलं, नावानं हाक मारली. कित्येक महिन्यांत मारली नव्हती. मी तिचा हात धरला आणि विचारलं, "आई, तिथं शेडात तुला सा कोण देत होतं?"

तिला माझा प्रश्नच खुळचट वाटला असावा.

"तूच की. मागं बसून. दुसरं कोन देणार?" मग तिनं पांघरुणातून हात काढला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. चापट नाही, नुसता ठेवला. "आज हात थांबवला न्हाईस."

मी हो म्हणालो. बॉक्स तेव्हा घरी कपाटावर होता, मी बंद करून ठेवला होता तसाच.