शेकरूचा दोर

आक्का गेल्याची बातमी मला तळेगावच्या फलाटावर मिळाली. रेल्वेच्या नोकरीतून मोकळा झालो तरी सकाळच्या गाडीला फलाटावर जाऊन बसायची खोड काही गेलेली नाही. त्या दिवशी पाऊस बारीक होता. लोणावळ्याकडून पुण्याला दूध नेणारा आमच्या ओळखीचा गवळी किटल्यांच्या गर्दीतून खिडकीशी आला आणि म्हणाला, "भाऊ, आक्का गेल्या. पहाटं. तुमच्या भाच्यानं, दगडूनं निरोप दिलाय." मी काही विचारायच्या आत गाडी हलली. तो हात वर करून बघत राहिला, मीही बघत राहिलो... आणि अशा वेळी मनात काय यावं? तर हे, की आता पडवीतल्या त्या मेढीला पाठ लावून कोण बसणार?

हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगतो. गोदाआक्का माझी थोरली बहीण. जर्मनीच्या पहिल्या लढाईच्या वर्षांत ती लग्न होऊन लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, रानाच्या कडेला नांदायला गेली. आम्ही उघड्या माळावरची माणसं. तिकडे धुकं घरात शिरून चुलीपाशी बसतं, झाडाचं टोक दिसत नाही आणि पावसाळ्यात शेजारीणसुद्धा नुसत्या आवाजानं ओळखावी लागते. पहिल्या वर्षी माहेरी आली तेव्हा मी विचारलं, "करमतं का गं तिथं?" तर म्हणाली, "वर बघत बसते. वर लय काय काय चालतं." आईला वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी मात्र पुढच्याच सुटीत तिच्याकडे गेलो, आणि वर काय चालतं ते पाहिलं.

वर शेकरू होतं. परसातल्या जांभळीच्या फांदीवर मागचे पाय रोवून, शेपटीचा झुबका खाली सोडून, पुढच्या दोन हातांत फळ धरून ते खात होतं. पाठ गडद तांबूस, पोट सायीच्या रंगाचं. आपल्या अंगणात बागडणारी पट्ट्यांची खार याच्यापुढे अगदीच चिमुकली. आक्का मला हळू आवाजात एकेक दाखवी. घार दिसली की ते फांदीला असं चिकटतं की झाडाची गाठच वाटावी. घरटी एक नाही, चार-पाच बांधतं, पण पिलं एकाच घरट्यात, बाकीची झोपायला आणि फसवायला. दुपारी फांदीवर पालथं पडून चारी पाय लोंबते सोडून झोपतं. "अगदी तुझ्या दाजींसारखं," असं म्हणून ती तोंडाला पदर लावी. दाजी पडवीत खरोखर तसेच झोपलेले असत. अंधार पडता पडता कधी उडती खारही दिसे. अंगाची कातडी पसरून या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाई, वाऱ्यानं चादर न्यावी तशी. पण आक्काचा जीव शेकरूवर. कारण काय तर ते खाली उतरत नाही. जन्माला येतं झाडावर, जगतं झाडावर. त्याचा रस्ता म्हणजे फांदीला लागलेली फांदी. आक्काच्या घरासमोरून एक गाडीवाट जायची, आणि त्या वाटेवर दोन्हीकडचे ऐन आणि हिरडा एकमेकांच्या गळ्यात पडलेले होते. परसातल्या झाडांतून छपरावरून पलीकडच्या रानात जायचा शेकरूंचा तोच पूल.

मग वरच्या बंगल्यांकडे मोटारी जाव्यात म्हणून ती वाट रुंद झाली. ऐन गेला, हिरडा गेला. कोणी वाईट हेतूनं तोडले असं नाही. रस्ता हवाच होता, आक्काच्या घरालाही त्याचा उपयोग झाला. पण परसातल्या चार झाडांवर शेकरूंची जोडी अडकून पडली. जांभळं संपली, मग पाला, मग सालं. एके सकाळी नर खाली उतरला, रस्ता ओलांडायला धावला आणि वाडीच्या कुत्र्यांनी त्याला मध्येच गाठलं. झाडांवर सरसर पळणारं ते जनावर जमिनीवर अगदी अडखळत चाललं होतं, असं आक्का सांगायची, आणि इथं आली की पुढचं सांगायची नाही. मादी राहिली. तीही रोज एक फांदी खाली येऊन बसू लागली. आक्का हातात काठी घेऊन दिवसभर अंगणात. दाजी चिडले, "आता जनावराची राखण करतीस व्हय?" ती म्हणाली, "वाट मोडल्यावर तिनं जायाचं कुटं?" माहेराहून एवढ्या लांब आलेली बाई हे म्हणत होती.

दोर बांधायची कल्पना तिचीच. घर उंचवट्यावर, रस्ता खाली. घराचं आढं पडवीतल्या मेढीच्या डोक्यावरून, म्हणजे तिथल्या जाड खांबावरून, पुढे बाहेर आलेलं. आढ्याच्या टोकापासून पलीकडच्या रानातल्या आंब्यापर्यंत दोर ताणला तर खालून गवताची गाडीसुद्धा सुखानं जाईल. दाजींनी मोटेचा जुना नाडा काढून दिला आणि मोठ्या हौसेनं तो ताणला. इथं चूक झाली. कोणीही शेतकरी करील अशीच. वर्षानुवर्षं तेल पाजून, बैलांच्या घामात आणि विहिरीच्या पाण्यात मुरलेला तो नाडा. मादी आढ्यापर्यंत येई, नाक लावी आणि त्या वासानं मागे फिरे. पट्ट्यांच्या खारी मात्र पहिल्याच दिवशी त्यावरून पळापळी करू लागल्या, वर त्याचे धागे उपसून घरट्यात नेऊ लागल्या. आक्का रडकुंडीला आली. तेवढ्यात पोळा आला. बैलांना नवे कासरे, नव्या म्होरक्या वळायला दाजी अंबाडी घेऊन बसले आणि आक्का समोर जाऊन बसली. "एक माझ्या शेकराला बी वळा." त्या कोऱ्या दोराला तिनं रानातली गारंबीची वेल गुंडाळली, म्हणजे पायाला ओळखीचं लागेल.

तो दोर बांधला तेव्हा मी तिथं होतो. दोन दिवस काही नाही. मी तिची थट्टा करत होतो, "आक्का, तिला तिकीट काढून दे, आमच्या गाडीनं पाठवतो." तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गुळाचा चहा पीत होतो, आक्का मेढीला पाठ टेकून बसली होती. एकाएकी तिनं हात वर केला. मेढ थरथरत होती. अगदी बारीक... जात्यावर कोणी दळत असलं की भुईला कळतं तशी. आक्का डोळे मिटून म्हणाली, "आलं." आम्ही अंगणात गेलो तर धुक्यात दोराच्या मधोमध मादी. चारी पाय दोरावर, शेपूट हवेत सरळ. ती थांबली, मागे बघितलं, आणि मग सरसर धुक्यात गेली. पलीकडच्या आंब्यावरून तिची ती खडखडती हाक आली. आक्का माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. दाजी उगीचच बैलांकडे गेले.

तेव्हापासून त्या घरात दर पोळ्याला एक दोर जास्तीचा. तिकडच्या पावसात अंबाडी वर्षभरातच कुजते, म्हणून जुना सोडून नवा बांधायचा. बैलांना पुरणपोळी, तसा एक तुकडा आढ्याच्या टोकाला. दाजी गेल्यावर दगडू, आक्काचा मुलगा, दोर वळू लागला. वळायचा, पण दरवर्षी कुरकुरायचा, "लोकं बैलाचा सण करत्यात, आमी खारीचा." ताण नीट बसला का हे बघायची रीतही ठरलेली. आक्का मेढीला पाठ लावून बसणार, दगडू पलीकडच्या आंब्यावर चढून दोरावर मूठ आपटणार, आणि थरथर पाठीला लागली की आक्का ओरडणार, "आलं!" मग त्यानं गाठ आवळायची.

पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. रान दिसेना, पण मेढीची जागा सुटली नाही. सून हौसा मोठी मायाळू. सासूला बरं वाटावं म्हणून अधूनमधून सांगे, "आत्याबाई, आलं बघा शेकरू!" आक्का हसून म्हणे, "न्हाई गं. ती खार हाय. शेकरू आलं की माझ्या पाठीला कळतं." एकदा मी विचारलं, "दिसत नाही याचं वाईट वाटत नाही?" ती म्हणाली, "आता तर जास्ती जवळ आलं. पयलं डोळ्यानं बघायची, आता अंगातनं जातं."

ती गेली, आणि थोड्या आठवड्यांत पोळा आला. मी मुद्दाम गेलो. घरात दुखवटा, त्यामुळे बैलांना झूल नाही, शिंगांना रंग नाही. आढ्यावरचा दोर पावसानं काळा पडून तुटला होता, त्याचं टोक रस्त्यावर लोंबत होतं. समोरच्या आंब्यावर एक शेकरू फांदीच्या टोकाशी येऊन बसे आणि परत जाई. दगडू ते बघत होता, मीही बघत होतो, आणि विचारायचा धीर मला होत नव्हता. घर आता त्याचं. शेवटी मीच म्हटलं, "औंदा दोर नाही ना वळायचा?"

"औंदा सण न्हाई, मामा," तो म्हणाला. मी मान हलवली. तो उठला, माळ्यावरून अंबाडी काढली आणि पीळ घालायला बसला. "सण न्हाई," तो पुन्हा म्हणाला, "पर दोर तर कुजलाच की."

हौसा न सांगता रानातून गारंबी घेऊन आली. दुपार कलताना दगडूनं आढ्याला टोक बांधलं, दुसरं खांद्यावर टाकलं आणि रस्ता ओलांडता ओलांडता वळून म्हणाला, "मामा, मेढीला पाठ लावून बसा. आय बसायची तसं."

मी बसलो. मेढीवर तिच्या पाठीनं गुळगुळीत झालेली जागा आहे, ती माझ्या खांद्याखाली आली. बाहेर धुकं भरलं होतं, आंबा दिसत नव्हता, दगडूही दिसत नव्हता. मी डोळे मिटले. मग लाकडातून ती थरथर आली, बारीक, पाठीच्या कण्यापर्यंत... आणि माझ्या तोंडून हाक गेली, "आलं!"

पलीकडे धुक्यात दगडू दोर धरून आंब्यावर तसाच बसून राहिला असावा. बऱ्याच वेळानं त्यानं गाठ आवळली, ती मला पाठीला कळली.