काकूंची माकुडी

"पाणी नको घालूस. आधी बोट घाल," काकू म्हणायच्या. आपण काही बोलायच्या आत त्यांचंच बोट कुंडीतल्या मातीत पेरभर शिरलेलं असायचं.

बिबवेवाडीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये काका-काकू राहायचे. तुमच्याही इमारतीत असेल अशी एखादी, जिच्या कुंडीला हात लावायची सोय नसते. काकूंच्या बाल्कनीत गुलाब नाही, मोगरा नाही. एका टांगत्या कुंडीत फक्त शिंदळ माकुडी. जुन्नरकडच्या कड्यांवर उगवणारं, आता दुर्मीळ झालेलं झाड. बोटाएवढ्या मांसल फांद्या आणि पावसाळ्यात पिवळ्या ठिपक्यांची तांबडी चांदणी. पूर्ण नाव चारचौघांत घेण्याजोगं नाही, म्हणून काकू नुसतं माकुडी म्हणायच्या.

त्यांचं माहेर जुन्नरचं. फांदी कॉलेजातल्या एका बाईंनी दिलेली. उन्हाळ्यात पानं गळून नुसत्या काड्या उरायच्या आणि काकांचा जीव तुटायचा. ते तांब्या घेऊन निघाले की आतून आवाज यायचा, "अहो, ठेवा तो. कुजवाल तिला."

"तुझ्या माहेरची माणसंच कोरडी," असं म्हणून काका ते पाणी स्वतःच पिऊन टाकायचे.

मी फांदी मागितली, तर काकूंनी आधी मला तासभर शिकवलं आणि मग दिलीच नाही. "कापलेली फांदी लगेच लावायची नाही. जखम सुकू द्यायची. तुला धीर कुठाय?" मला राग आला होता. पण खोटं काय होतं त्यात?

ऐन उन्हाळ्यात काकू गेल्या, झोपेतच. आलेली माणसं पांगली. काका रोज सकाळी बाल्कनीत दिसायचे. मला वाटलं, बरं झालं, जीव रमतोय.

एक दिवस त्यांनी हाक मारली. "जरा बघतेस का? रोज पाणी घालतोय, तरी मान टाकतेय."

फांद्या बुडापासून काळ्या पडून मऊ झाल्या होत्या. तांब्या कठड्यावरच होता. त्यांना थांबवणारं घरात उरलं होतं कोण? मला रडूच आलं.

एक शेंडा मात्र अजून टणक होता. तो कापून मी वर्तमानपत्रावर ठेवला.

"लाव ना आता," काका म्हणाले.

"नाही काका. जखम सुकू द्यायची. काकूंनीच सांगितलंय."

"तोवर मी काय करू?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

त्यांनी तांब्या आत नेऊन ओट्यावर पालथा घातला. मग खुर्ची ओढून त्या शेंड्याजवळ बसले. थोड्या वेळाने आतल्या खोलीकडे बघत हळूच म्हणाले, "नाही घालत गं."