निंबाखालच्या नळ्या

तेरखेड्याहून आम्ही निघालो त्या सकाळी माझी बायको यमुना गाव सुटते म्हणून रडली, असे आमच्या घरातले सारे सांगतात. मला हे मान्य नाही. एसटीत तिच्या शेजारी मी बसलो होतो, सांगणारे नव्हेत. येरमाळ्याला गाडी थांबली, मी पाणी प्यायला उतरलो आणि परत आलो तर ती ट्रंक घेऊन खाली उभी. म्हणाली, "तुमी सोडून जायच्या आदी मीच जाते माघारी." डोळे पुसून पुन्हा गाडीत चढली ती बार्शीपर्यंत माझी बाही धरून होती. ते रडणे गावासाठी नव्हते.

निजामी सरून आपला मुलूख मुंबई राज्यात गेला होता. मला पुण्याच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम मिळाले. यमुना तामलवाडीची. माणसाची पाठ दिसली की ते माणूस गेलेच, ही समजूत तिच्या मनात कुठून रुजली ते मला ठाऊक नाही. आधी जीव घाबरा होई, मग घाबरण्याचा राग होई, आणि तो भांड्यांवर, माझ्यावर, पुष्कळदा तिच्या स्वतःच्या कपाळावर उतरे. सकाळी मी देव असे, दिवेलागणीला वैरी. नंतर तीच जवळ बसून विचारी, "मी लई वाईट हाय का?"

पुतण्या आजही लग्नकार्यांत सांगतो की काकू तुळजापूरच्या अंगाऱ्याने निवळली. अंगारा मीच आणला होता आणि देवीशी माझे भांडण नाही. पण त्यानंतरही ताटे फुटत होती. दुसरे म्हणतात, काकांनी तिला वठणीवर आणले. ही कथा माझी थोरवी गाते, म्हणून ती मी अधिक जोराने खोडून काढतो.

तिच्या निवळण्याचे खरे मूळ आमच्या तेरखेड्याच्या अंगणात आहे. घरचा धंदा शोभेच्या दारूचा, फटाक्यांचा. आईचा नियम असा, की रागावलेल्या माणसाने दारूला शिवायचे नाही, मग तो कारागीर असो की माझे वडील. "राग आलाय व्हय? मग ऊठ. निंबाखाली बस, नळ्या वळ." फटाक्यात दारू भरायची ती नळी; सळईवर कागद गुंडाळायचा, खळ लावायची, नळी ओढून उन्हात ठेवायची. बसणाऱ्याला आई स्वतः पाणी नेऊन देई. डोळे मिटले की अजून ती सावली हलते, ओल्या नळ्या उन्हात पांढऱ्या होत जातात, खळीचा आंबूस वास येतो आणि सावलीतले माणूस हळूहळू पुन्हा आपले होते. लग्नानंतरच्या वर्षी यमुनाही तिथे बऱ्याचदा बसली होती.

पुण्यात निंब नव्हता. एकच खोली होती, आणि पुन्हा आरडाओरडा झाला तर ती सोडा, असे घरमालकांनी बजावले होते. सासऱ्यांनी तर मुलीला कायमची घेऊन जायची तयारी दाखवली होती. अशात एका संध्याकाळी छापखान्यात काम वाढले. परतताना धुरकट उजेडात रस्ता पायांखाली सरकेना. आज संसार मोडणार, हे मी मनात धरूनच जिना चढलो.

यमुना भिंतीला टेकून बसली होती. छापखान्यातली रद्दी तिने मागवली होती, ती मी चुलीसाठी समजत होतो. मोडक्या छत्रीच्या काडीवर ती नळ्या वळत होती. कपाळावर नवी खूण नव्हती.

"बोलू नका," ती म्हणाली. "अजून राग हाय. एवढी टोपली भरली की भांडते."

मी तिला पाणी नेऊन दिले आणि उंबऱ्यावर बसलो. टोपली भरल्यावर ती खरोखर भांडली. "उशीर व्हणार असला तर निरोप धाडत जावा. मला वाटलं, गेलात." खोली आमचीच राहिली. पुढच्या वेळेपासून मी निरोप धाडू लागलो.

एका संध्याकाळीत ती बदलली, असेही कोणी सांगू नये. कितीदा काडी कोपऱ्यात भिरकावली गेली, कितीदा ताटे फुटली. दुसऱ्या दिवशी ती काडी शोधून पुन्हा बसे. भीती तिला अखेरपर्यंत येत असे. भीती आली की काय करायचे, ते मात्र तिने स्वतः, नळीमागून नळी, नवे घडवले. हे श्रेय मी देवाला देत नाही आणि स्वतःकडे घेत नाही.

आता ती नाही. तेरखेड्यातला निंब तोडला, असे कळते. गावाकडे राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, तुमचे घर नेमके कोणते? राग निवेपर्यंत जिथे कोणीतरी पाणी घेऊन थांबते, त्याला मी घर म्हणतो. पुतण्याची कथा परवा पुन्हा कानावर आली, तेव्हा लेखणी उचलण्याआधी मी तिची काडी शोधली. टोपली अर्धी भरली, मग हे लिहायला बसलो. पाणी माझे मीच आणले.