सहा महिन्यांची भिंत

आयुष्यभर घरांचे नकाशे काढायची नोकरी केली, त्यामुळे कोणाच्याही घरी गेले की गप्पांआधी भिंती डोळ्यांनी मोजते. सवय वाईट आहे, मान्य. पण रत्नागिरीच्या आमच्याच बंगल्याला मी पंचावन्न वर्षांत कधी टेप लावली नव्हती. लावली ती आत्या परसातल्या पायऱ्यांवर पडली म्हणून.

आत्या ब्याऐंशीची. बंगल्यात एकटी राहते. न्हाणीघर परसात, मध्ये चार पायऱ्या. डॉक्टर म्हणाले, खोलीला लागून संडास-बाथरूम करा, नाहीतर यांना इथून हलवा. पुण्याच्या माझ्या भावाने हलवायचीच तयारी केली. आत्याने मला फोनवर एवढंच सांगितलं, "मला इथून नेलात तर मी महिना काढायची नाही हो." ती नाटकी बाई नाही. मी टेप घेऊन निघाले.

बंगला माझ्या पणजोबांनी बांधला. ते रंगूनला लाकडाच्या वखारीत नोकरीला होते. तिथल्या साहेबांचे बंगले बघून आले आणि इथे तसलंच घर उठवलं. जांभ्या चिऱ्याच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती, वर मंगलोरी कौलं, तीन बाजूंनी व्हरांडा, दारं बर्मा सागाची आणि त्यांच्यावर निळ्या-तांबड्या काचा. भाट्याच्या समुद्राकडचा वारा एका दाराने येतो आणि समोरच्या दाराने जातो. आत्याच्या खोलीत मात्र तो शिरत नाही. तरी तिथे मे महिन्यातही गार असतं. लहानपणी आम्ही भावंडं तिथे निजायला तयार नसायचो.

कारण तिथला कोनाडा. त्यात देव नाही, फोटो नाही, पाठीमागे नुसती एक सागाची फळी. रोज तिन्हीसांजेला आत्या तिथे पणती लावायची, फळीवर बोटाने तीनदा टकटक करायची आणि म्हणायची, "दिवा लावलाय हो." कोणाला सांगतेस म्हणून विचारलं की गप्प करायची. आणि थोड्या वेळाने फळीतून एक आवाज यायचा. टक. एकच. पणतीने फळी तापली की लाकूड वाजतं, हे मला पुढे कळलं. कळल्यावरही मी त्या खोलीत निजले नाही.

तर, मोजमाप. मागची बाजू बाहेरून मोजली, आतून मोजली, भिंतींची जाडी वजा केली. आठ फूट कमी. माझंच चुकलं म्हणून पुन्हा मोजली. आठच. मागच्या अंगाला एक खिळे ठोकून बंद केलेली खिडकी आहे. ती आत्याच्या खोलीचीच, कपाटामागची, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. कपाट सरकवून बघायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही, मी धरून.

"आत्ये, या भिंतीमागे खोली आहे."

"आहे," ती म्हणाली. "बाळंतिणीची."

मग तिने सांगितलं. पणजी तिथे बाळंत झाली, मुलगा झाला. तो मुलगा म्हणजे आत्याचे वडील, माझे आजोबा. सातव्या दिवशी पणजी गेली, आणि गेली ती पंचकात, अशुभ नक्षत्रावर. भटजींनी सांगितलं, खोली सहा महिने बंद ठेवा. पणजोबांनी दाराच्या जागी भिंत घातली आणि म्हणाले, "कोणी हात लावू नका. मी येतो नि मीच उघडतो." रंगूनला गेले आणि तिथेच तापाने गेले. मागे उरलं त्यांचं ते वाक्य. त्यांच्या बहिणीने बाळ वाढवलं आणि कोनाड्यात दिवा लावायला सुरुवात केली. तिच्यानंतर आत्याने.

"काळोखात एकटी पडलीय ती," आत्या म्हणाली. "मी गेले पुण्याला तर दिवा कोण लावील?"

मी चिडले. एका मेलेल्या बाईसाठी जिवंत बाईने पायऱ्यांवरून पडून मरायचं? बोलले तसं, आणि लगेच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. कपाट सरकवून त्याने गिलावा थोडा खरवडला, बोट घातलं आणि म्हणाला, "बाय, हितं चुना नाय. मातीत बांधलानी."

सगळा बंगला चुन्यात आणि हा तुकडा मातीत! मी आत्याचा हात धरून तिथे नेला. "हात लाव. ही कायमची भिंत नाहीच. सहा महिन्यांनी सहज काढता यावी अशी बांधलीय. त्यांना उघडायची होती गं."

ती बराच वेळ माती चुरत उभी राहिली. मग म्हणाली, "पाड."

तासाभरात चिरे निघाले. आत एक पलंग, आढ्याला पाळण्याची कडी. कोळिष्टक एकही नाही. गवंडी उंबऱ्याशीच थांबला, काही केल्या आत येईना. मी गेले. कोनाड्याची फळी आतून पाहिली तर ती उचलायची झडप होती. सोयरात, न शिवता बाळंतिणीला ताट सरकवायची असणार. झडपेखाली बारीक फट होती आणि फटीच्या आतल्या कडेला काजळी धरलेली.

मी बाहेर येऊन पणती लावली, मोकळ्या दारावर चादर धरली आणि आत्याला आत पाठवलं. चादरीच्या कडेने पाहिलं तर फटीतून गेलेली उजेडाची पट्टी बरोबर पलंगाच्या उशाशी पडली होती.

"पोचत होता गो," आत्या आतून म्हणाली. "रोज पोचत होता." आणि ती रडायला लागली. मी तिला रडताना पहिल्यांदा ऐकलं.

तिथे बाथरूम करायला तिने साफ नकार दिला. "तिच्या खोलीत? वेड लागलंय? माझ्या खोलीत भिंत घालून करा. मी इथे निजते." तसंच केलं. खिडकीचे खिळे काढले. भावानेही पुण्याचा विषय सोडला. कोनाडा तिच्या जुन्या खोलीच्या उरलेल्या तुकड्यात तसाच आहे.

आता दिवा कामाला येणारी बाई लावते, मी गेले की मी. मी तीनदा टकटक करते. आतून, पलंगावरून हात लांबवून, आत्या तीनदा करते. मग जरा वेळाने आणखी एक आवाज येतो. टक.

फळी तापते, मी म्हणते. आत्या वाद घालत नाही. ती भिंतीकडे सरकते आणि पलंगावर एका माणसापुरती जागा करते.